विद्येआधीची विद्या

विद्या मिळवू पाहणाऱ्या माणसाला विद्येच्या आधी तिचे साधन हस्तगत करावे लागते. जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत बसणारे मूल श्रीगणेशा गिरवण्यापूर्वी धूळपाटीवर धूळ सारखी पसरायला शिके. पुढे कागदापर्यंत मजल गेली की बोरू कसा तासावा, त्याचे टोक किती तिरपे छाटावे, शाई कितपत दाट असावी, हे शिकणे ओघानेच येई. ह्या गोष्टींची गणना विद्येत कोणी केली नाही, आणि त्या विशेष अवघड आहेत असेही कोणाला वाटले नाही. ह्याचे कारण उघड आहे. मुलाचा हात पंतोजींच्या हातात असे, आणि शेजारी बसलेला थोरला विद्यार्थी चूक तेथल्या तेथे दाखवून देई. साधनाचा धडा असा नकळत पुरा होई.

गुरू आणि शिष्य ह्यांच्यामध्ये अंतर पडले की मात्र हा सहजपणा संपतो. आज एखादी नोकरी करणारी शिक्षिका किंवा एखादा कारकून घरबसल्या एम. ए. करण्यासाठी ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घालतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याची गाठ साहित्याशी वा अर्थशास्त्राशी पडतच नाही. ती पडते पासवर्डशी, ध्वनिचित्रफितींशी, चर्चेच्या पानाशी, निबंध ठरावीक रूपात पाठवण्याच्या रीतीशी. विषय अजून दूर असतो आणि साधनच वाट अडवून उभे राहते. ही अडचण नवी वाटते; पण दूरशिक्षणाचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे ती ह्या शिक्षणाच्या जन्मापासूनची सोबतीण आहे, असे दिसून येते. त्या अडचणीचा भार कोणी वाहिला, हा ह्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

प्रारंभ करावयाचा तो १८४० सालापासून. त्या वर्षी इंग्लंडात एक पेनीचे टपाल सुरू झाले. पत्र गावातल्या गावात जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला जावो, हलक्या पत्राचा दर एकच. लघुलेखनाची पद्धती शोधून काढणारे आयझॅक पिटमन तेव्हा बाथ ह्या गावी राहत होते. ह्या स्वस्त टपालाचा उपयोग त्यांनी तत्काळ ओळखला. विद्यार्थ्याने एखादा उतारा लघुलिपीत उतरवून पाठवावा आणि तो तपासून परत धाडावा, अशी योजना त्यांनी आखली. हिच्यात एक मोठी सोय होती. येथे साधन आणि विषय एकच होते. लिपी हेच शिकावयाचे, आणि लिपीतच लिहावयाचे. शिवाय विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली तेव्हा, १८४३ साली, धडे तपासून देणाऱ्यांची एक मंडळीच उभी राहिली. चुकीचे वळण दुरुस्त करणारा कोणीतरी टपालाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला आहे, हा भरवसा त्या विद्यार्थ्याला होता.

ह्याच्या उलट उदाहरण लंडन विद्यापीठाचे. १८५८ साली ह्या विद्यापीठाने आपल्या पदवीपरीक्षा कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्या उमेदवारांना खुल्या केल्या. एकच वर्ष आधी, १८५७ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, तीही ह्याच लंडनच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारी. लंडनने जगभरच्या गरजू विद्यार्थ्यांना दार उघडून दिले, हा त्याचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे. परंतु दारापर्यंतचा रस्ता ज्याचा त्याने शोधावयाचा होता. कोणती पुस्तके वाचावी, टिपणे कशी काढावी, उत्तर कसे मांडावे, हे सांगणे विद्यापीठाने आपले काम मानले नाही. ज्याला ऐपत होती त्याने खाजगी शिकवणी लावली. ज्याला नव्हती तो एकटाच चाचपडत राहिला. दार उघडणे आणि वाट दाखवणे ही दोन निराळी कामे आहेत, हा भेद येथे प्रथमच स्पष्टपणे नजरेस येतो.

हा भेद अचूक ओळखला तो अमेरिकेतील एका स्त्रीने. ॲना टिकनोर ह्या बॉस्टनच्या विदुषी. त्यांचे वडील हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. पण स्वतः ॲनाबाईंना किंवा त्यांच्यासारख्या स्त्रियांना त्या विद्यापीठात प्रवेश नव्हता. १८७३ साली त्यांनी घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांसाठी एक संस्था काढली. पत्राने शिकवणाऱ्या स्त्रिया स्वयंसेविका होत्या. प्रत्येक विद्यार्थिनीला दरमहा पत्र जाई, संस्थेच्या ग्रंथालयातून टपालाने पुस्तके येत. ह्या संस्थेने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे अभ्यास करण्याची रीत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि जे ध्यानात राहिले ते आठवून लिहावे, असा नियम होता. चूल, मूल आणि आजारपणे ह्यांच्या मधल्या अर्ध्या तासात वाचणाऱ्या स्त्रीला हे टिपण म्हणजे एक साधनच होते, आणि ते वापरायला तिला हळूहळू, पत्रामागून पत्र लिहून शिकवले जाई. १८९७ साली संस्था बंद होईपर्यंत सात हजारांवर स्त्रियांनी तिचा लाभ घेतला.

विसाव्या शतकात टपालाच्या जोडीला नभोवाणी आली. ह्या कथेचा एक भाग ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात घडला, आणि रेडिओच्या श्रोत्यांना त्यात विशेष गोडी वाटावी. तेथे एका घरापासून दुसरे घर कित्येक मैलांवर, आणि वैद्य तर त्याहूनही दूर. १९२९ साली आल्फ्रेड ट्रेगर ह्या तंत्रज्ञाने पायाने पायडल मारून वीज निर्माण करणारा संदेशयंत्राचा संच तयार केला. विजेची अडचण सुटली. परंतु दुसरी उभी राहिली. संदेश पाठवायचा तो मोर्सच्या टिंबरेषांच्या भाषेत. ती भाषा शिकून, पाय चालवीत, घाईच्या वेळी अचूक ठोके देणे हे त्या दूरवरच्या घरांतील गृहिणींना फार जड जाऊ लागले. ट्रेगरने त्यांना दोष दिला नाही. पुढच्या काही वर्षांतच त्याने टंकलेखनयंत्रासारखी कळफलकाची जोड तयार केली. अक्षराची कळ दाबली की त्या अक्षराचा मोर्स-संकेत आपोआप जाई. माणसाने यंत्राकडे चार पावले जावे हे ठीकच; पण यंत्रानेही माणसाकडे दोन पावले यावे, हे तत्त्व ट्रेगरने प्रत्यक्षात आणून दाखवले. पुढे हीच नभोवाणीची यंत्रणा वापरून १९५१ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘आकाशातील शाळा’ सुरू झाली. एका वेळी एकानेच बोलावयाचे, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे, ही त्या यंत्राची शिस्त मुलांनी पाढ्यांबरोबरच शिकून घेतली.

मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग करण्याचा मान ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाकडे जातो. त्याला १९६९ साली सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये सुमारे २४ हजार विद्यार्थ्यांनिशी तेथे अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षेची अट नव्हती. छापील पाठ आणि दूरचित्रवाणी ह्यांच्याबरोबर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगसाहित्याची पेटी जाई. तीत प्लॅस्टिकचा एक छोटा, स्वस्त सूक्ष्मदर्शकही असे. स्वयंपाकघरातील टेबलावर प्रयोगशाळा मांडावयाची ही कल्पना धाडसाची खरी; परंतु विद्यापीठ पेटी धाडून स्वस्थ बसले नाही. गावोगावी मार्गदर्शक शिक्षक नेमले गेले, अभ्यासकेंद्रे उघडली गेली, आणि उन्हाळ्यात आठवडाभराच्या निवासी वर्गांत विद्यार्थी व उपकरण ह्यांची प्रत्यक्ष ओळख करून दिली गेली. दूरशिक्षण यशस्वी झाले ते अशा रीतीने अधूनमधून जवळ आल्यामुळे.

संगणकाच्या तारेवरून भरणाऱ्या वर्गाची सुरुवातही ह्याच बेताने झाली. १९८२ साली कॅलिफोर्नियातील ला होया येथील एका संशोधनसंस्थेने उद्योगधंद्यांतील अधिकाऱ्यांसाठी पदव्युत्तर पातळीचा एक अभ्यासक्रम काढला. ऑनलाइन शिक्षणाचा हा अगदी आरंभीचा प्रयत्न होय. विद्यार्थी आपापल्या गावी संगणकासमोर बसत. ते यंत्र आणि दूरध्वनीला जोडावयाचे मोडेम ह्यांना मिळून बराच खर्च येई. सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे जात, आणि नुसते आत शिरण्यासाठी पानभर आज्ञा एकामागून एक टंकित कराव्या लागत. मोठाल्या कंपन्यांचा कारभार हाकणारी ही माणसे त्या आज्ञांपुढे प्रथम गोंधळली, ह्यात नवल नाही. दर सहा महिन्यांनी त्यांना आठवडाभर ला होयाला एकत्र बोलावीत, म्हणून ती तग धरू शकली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. साधन विद्यार्थ्याला जितके परके तितकेच शिक्षकालाही होते. ह्या प्रयोगात भाग घेणारे तत्त्वज्ञ अँड्र्यू फीनबर्ग ह्यांनी पुढे त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. नामवंत प्राध्यापकांनी लांबलचक प्रस्तावना आणि वाचनाच्या याद्या पडद्यावर धाडल्या आणि उत्तरांची वाट पाहिली. पलीकडून शब्द नाही. वर्गात मान हलते, भुवई उंचावते, कोणी हळूच हसतो. पडद्यावर ह्यांपैकी काहीच दिसत नाही. मौनाचा अर्थ संमती, कंटाळा की बिघडलेले यंत्र, हे कळावयास मार्ग नव्हता. पुढे शिक्षकांनी व्याख्यान आखडते घेऊन प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. कोणी काही लिहिले की त्याची दखल तत्परतेने घेतली जाऊ लागली. आणि पाचपंचवीस जणांच्या विखुरलेल्या बोलण्याचे धागे एकत्र विणणे हेच शिक्षकाचे प्रमुख काम ठरले. नव्या साधनाने गुरूलाही पुन्हा विद्यार्थी केले.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९८८ साली ह्याच मार्गाने पाऊल टाकले. माहिती-तंत्रज्ञानावरील एका अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्याच्या घरी संगणक असणे त्याने आवश्यक केले, आणि कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात तयार झालेल्या चर्चा-प्रणालीवर हजाराहून अधिक विद्यार्थी एकत्र आणले. काही विद्यार्थी उत्साहाने बोलू लागले, काही केवळ दुसऱ्यांचे लिखाण वाचत राहिले, आणि काहींनी एकदोनदा डोकावून पाठ फिरवली. यंत्राची जोडणी, दूरध्वनीचे वाढते बिल आणि परक्यांसमोर लिहिण्याचा संकोच ह्या तीन गोष्टी आड येत होत्या. बुद्धीचा प्रश्न येथे नव्हता.

आज जगातील असंख्य विद्यापीठांचे ऑनलाइन वर्ग ‘मूडल’ नावाच्या प्रणालीवर भरतात. तिचा जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला आणि पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते मार्टिन डुगियामस ह्यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील एका दूरच्या वस्तीत गेले होते, आणि त्यांचे आरंभीचे शिक्षण नभोवाणीवरील आकाशातल्या शाळेत झाले होते. त्यांनी ही प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता यावी, आपल्या गरजेप्रमाणे बदलता यावी आणि आपल्या भाषेत आणता यावी, अशी मोकळी ठेवली. दूर बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण जो स्वतः अनुभवून आला त्याने तयार केलेले साधन असे मोकळे असावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

भारतात विद्यापीठीय पत्रद्वारा शिक्षणाचा प्रारंभ १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने केला. १९८२ साली हैदराबाद येथे देशातील पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आले, आणि १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले ह्यांच्या कारकिर्दीत अभ्यासकेंद्रांचे जाळे विणले गेले. ह्या काळात साधन मुख्यतः छापील पुस्तकाचे होते. वाचता येणाऱ्यास ते अपरिचित नव्हते, आणि अडले तर रविवारी अभ्यासकेंद्रावर कोणीतरी भेटे. म्हणून गृहिणी, शेतकरी, पोलीस शिपाई, गिरणीकामगार अशा नाना थरांतील माणसे तेथवर पोचू शकली.

संगणक आल्यावर चित्र पालटले. साधनच शिकवण्याची गरज महाराष्ट्राने तशी लवकर ओळखली. २००१ साली स्थापन झालेल्या एम. के. सी. एल. ह्या संस्थेचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, आणि अनेक प्रौढांनी माऊस प्रथम हातात धरला तो तेथेच, कोणाच्या तरी देखरेखीखाली. पुढे ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ ह्या व्यासपीठाचे उद्घाटन झाले; आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने आधी २०१८ साली व मग सप्टेंबर २०२० मध्ये नियम करून पूर्ण पदव्या ऑनलाइन देण्याचा मार्ग खुला केला. तोपर्यंत महामारीने मार्च २०२० पासून देशातील वर्ग बंद पाडले होते, आणि जो कधी ऑनलाइन शिकू इच्छीत नव्हता त्यालाही पडद्यासमोर बसणे भाग पडले होते.

देश ह्या धड्याला कितपत सिद्ध होता, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून दिसते. २०१७-१८ च्या पाहणीत शंभरांपैकी सुमारे ११ घरांत संगणक होता आणि सुमारे २४ घरांत इंटरनेटची सोय होती. पाच वर्षांवरील लोकांत संगणक चालवता येणाऱ्यांचे प्रमाण शहरांत ३२.४ टक्के, तर खेड्यांत ९.९ टक्के होते. त्यानंतर मोबाईलचा प्रसार पुष्कळ झाला हे खरे. पण मोबाईल हाताशी असणे निराळे आणि त्यावर पंधरा पानांचा निबंध तळटिपांसह सिद्ध करणे निराळे. शिवाय पुष्कळ घरांत एकच मोबाईल, आणि त्यावर पहिला हक्क क्वचितच घरातल्या बाईचा. ॲना टिकनोरच्या विद्यार्थिनींना अर्धा तास मिळविण्याची जी धडपड करावी लागे, ती दीडशे वर्षांनंतरही संपलेली नाही.

मराठीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे आणखी एक पायरी असते, ती देवनागरीच्या टंकलेखनाची. सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा समान कळफलक ठरवला. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे काम पुढे नेले. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढे कित्येक वर्षे एका फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. युनिकोडचा सर्रास वापर सुरू झाल्यावर हा त्रास पुष्कळ ओसरला. पण ज्याच्या बोटांना कळफलक ठाऊक नाही, त्याचा विचार आजही मनातच अडून राहतो, आणि परीक्षकाला तो कच्चा वाटतो.

आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला लागणाऱ्या साधनांची यादी काही अमर्याद नाही. वर्गाच्या प्रणालीत ये-जा करणे, फाइल तयार करून योग्य नावाने जपून ठेवणे व पाठवणे, चर्चेत चार ओळी नीट लिहिणे, ‘शोधगंगा’सारख्या भांडारातून प्रबंध हुडकून काढणे, वाचलेल्याचे संदर्भ टिपून ठेवणे, आणि कॅमेऱ्यासमोर परीक्षा देणे. एकेक घेतले तर ह्यांतील कोणतेही काम चारदोन बैठकांत साधण्यासारखे आहे. पण ही सारी एकाच आठवड्यात अंगावर आली, आणि त्याच आठवड्यात पहिला निबंधही द्यावयाचा असला, म्हणजे हुशार माणूसही हतबल होतो.

इतिहास ह्यावर तीन उपाय सांगतो, आणि तिन्ही कसाला उतरलेले आहेत. पिटमन आणि टिकनोर ह्यांनी साधनाचा धडा अभ्यासातच गोवला. त्याला वेळ दिला आणि चुका सुधारून देणारा माणूस दिला. ट्रेगरने साधनच सोपे केले. ला होयाच्या संस्थेने आणि मुक्त विद्यापीठांनी दूरच्या विद्यार्थ्याला मधूनमधून माणसांत आणले. ज्या संस्था प्रवेशानंतरचे पहिले दोन आठवडे केवळ ह्या सरावासाठी राखतात, ज्याला गुण नाहीत असा एखादा लुटुपुटीचा निबंध पाठवून पाहू देतात, आणि अडल्यावेळी उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक देतात, त्या ह्याच परंपरेतल्या आहेत. विद्यार्थ्यानेही एका वेळी एकच साधन हाती घ्यावे, आणि अडल्यावर विचारण्यास लाजू नये. घरातील मुलगा वा नात ह्या विद्येत गुरू ठरत असेल, तर त्यात कमीपणा कसला?

दूरशिक्षणातून गळणारा माणूस भांडून जात नाही. एक दिवस तो आत येत नाही, दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि मग यादीतले नाव तेवढे उरते. वर्गात रिकामा बाक दिसतो. पडद्यावर तोही दिसत नाही. आणि जाताना पुष्कळदा तो आपल्याशी असेच म्हणतो की, ही विद्या आपल्या आवाक्यातली नव्हती. वस्तुतः विद्येची आणि त्याची भेटच झालेली नसते. त्याला कोणी बोरू तासायला शिकवले नाही, एवढेच घडलेले असते.